चर्चा करावी

माहिती नाकारल्याचं पत्र संज्योतने उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला मात्र ती खुर्चीत बसली.

नकाराची तिला सवय होती. सातकुई धरणाच्या नस्तीतलं पृष्ठ १७ मागणारा हा तिचा चौथा अर्ज. आधीच्या तीन वेळा धरणाच्या सुरक्षेचं कारण आलं होतं. या वेळचं कारण नवीन होतं. 'सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असून त्रयस्थ पक्षाने दिनांक ११ जून २०४१ रोजी हरकत घेतली आहे. सबब माहिती देता येत नाही.' खाली त्रयस्थ पक्षाचं नाव होतं: श्री. विश्वनाथ ज्ञानू चिकोडे, उपविभागीय अभियंता.

विश्वनाथ चिकोडे म्हणजे संज्योतचे बाबा. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

पत्राला हरकतीची रंगीत प्रत जोडली होती. टिपणीच्या कोऱ्या कागदावर निळ्या शाईत दोनच शब्द: 'चर्चा करावी.' आणि सही.

आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. तिने हात पुसले, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"सही त्यांचीच आहे."

"आई, तारीख बघ. मागच्या मंगळवारची आहे."

"तारखेचं राहू दे. 'वि'ची वेलांटी बघ. घाईत असले की अशीच तुटायची." आणि मग ती पटकन विचारून गेली, "बरे आहेत ना?"

तिचं तिलाच कळलं. ती पुन्हा कोथिंबिरीकडे वळली.

पृष्ठ १७ आईसाठीच हवं होतं. चौदा वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका दुपारी, सातकुई धरणाचे दरवाजे सूचना न देता उघडले. खाली कातळवाडीच्या पात्रात चार जण म्हशी धूत होते. चारही गेले. त्यांतला एक यशवंत, आईचा धाकटा भाऊ. चौकशी अहवालात कारणाचं एकच वाक्य होतं: 'सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने दरवाजे उघडण्यात आले.' सक्षम अधिकारी म्हणजे बाबा. त्या दिवशी आपण काय लिहिलं, हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी जेवता जेवता त्यांचं हृदय बंद पडलं. तेराव्यालासुद्धा कातळवाडीहून कुणी आलं नाही. मामीचा फक्त निरोप आला होता: "ज्यानं पाणी सोडलं, त्याच्या घरचं पाणी नको."

तेव्हापासून आईला माहेर नव्हतं. बाबांनी 'मान्य' लिहिलं होतं की नव्हतं, एवढंच तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

*

मेलेला माणूस हरकत कशी घेतो, हे कोडं नव्हतं. संज्योतला ते यंत्र ठाऊक होतं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून ती वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, त्याच वर्षी ते सरकारी कार्यालयांत आलं.

शाईपेनने लिहिणारा माणूस कागदावर अक्षरांबरोबर आपला दाब, आपला वेग आणि आपलं थांबणंही ठेवून जातो. तिरप्या प्रकाशात कागदाचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येऊ लागला, तेव्हा जुन्या नस्त्यांमधून हे सगळं परत काढता आलं. साहेब कुठला मजकूर वाचून घुटमळले, कुठे पेन दाबलं, कुठे नुसतं उरकलं. एका अधिकाऱ्याची पंचवीस वर्षांची टिपणं यंत्राला दिली की नव्या नस्तीवर तो काय लिहील ते यंत्र लिहून दाखवी, त्याच्याच अक्षरात. त्याला 'प्रतिरूप' म्हणत. कार्यालयांत निम्म्या जागा रिकाम्या होत्या, नस्त्या तुंबल्या होत्या. निवृत्त आणि दिवंगत अधिकाऱ्यांची प्रतिरूपं कामाला बसली.

मग नियमात एक ओळ वाढली. माहिती देण्याआधी जिला विचारायचं ती व्यक्ती हयात नसेल, तर तिच्या प्रतिरूपाला विचारावं.

प्रतिरूपाला बोलता येत नसे. घर, जेवण, गाणी, मुलं यांतलं त्याला काही माहीत नसे. नस्तीत जेवढं आलं, तेवढंच त्याचं जग.

*

पहिल्या अपिलाचे अधिकारी होते कार्यकारी अभियंता इरफान पटवेगार. माणूस गोलमटोल आणि मोकळा. त्यांनी आधी चहा मागवला.

"तुमचे वडील फार कामसू आहेत हो, मॅडम. दिवसाला चाळीस नस्त्या काढतात."

"काढायचे."

"हां. काढायचे." पटवेगार ओशाळले. "सवय झालीय."

"साहेब, यात हरकत कुठे आहे? 'देऊ नये' असं कुठे लिहिलंय?"

"चर्चा करावी, असं लिहिलंय ना?"

"मग? चर्चा करावी म्हणजे चर्चा करावी."

पटवेगार मनापासून हसले. "तुम्ही सरकारी नोकरी केलेली दिसत नाही. 'नाही' लिहायचं तर कारण द्यावं लागतं. 'हो' लिहायचं तर उद्या निस्तरावं लागतं. 'चर्चा करावी' लिहायला काहीच लागत नाही. नस्ती गुपचूप कपाटात जाते. चर्चा करावी म्हणजे हो, असं तीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही."

"आणि चर्चा?"

"कोण जातंय चर्चेला!"

अपील तिथेच फेटाळलं गेलं. पण माणूस वाईट नव्हता. निघताना त्यानेच विचारलं, "बघायचंय?"

अभिलेख कक्षाच्या टोकाला, खिडकीजवळ, एक टेबल होतं. टेबलाला धातूचा एकच हात बसवलेला, कोपरापासून पुढचा. त्यात शाईपेन. हात नस्तीचं पान उलटत होता, वर टांगलेला कॅमेरा ते वाचत होता, आणि मग निबची खरखर. सही करण्याआधी हाताने समासात दोन बारीक रेघा ओढल्या. निब चालते का ते बघायची बाबांची ती खोड. घरी वर्तमानपत्रांच्या कडांवर अशा रेघा असायच्या. त्या कधीकाळी नस्त्यांच्या समासातही उमटल्या असणार, आणि यंत्राने त्या इमानाने उचलल्या होत्या.

बाजूला सकाळपासून झालेल्या नस्त्यांची चळत होती. वरच्या आठ-दहा तिने चाळल्या. 'चर्चा करावी.' 'चर्चा करावी.' मधेच एखादं 'पाहिले.' पुन्हा 'चर्चा करावी.'

तिने पिशवीतून आपली प्रत काढून शेजारी धरली. अक्षर तेच, सही तीच. फरक एकच. तिच्या प्रतीत 'च' जिथे सुरू होत होता, तिथे शाईचा गोल ठिपका होता, मसुराएवढा. चळतीतल्या एकाही कागदावर तो नव्हता.

*

शाई कागदात पसरते ती वेळेच्या वर्गमुळाने. पसारा दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. संज्योतने तोच कागद मिळवला, तीच शाई मिळवली, आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती निब टेकवून घड्याळ बघत राहिली. तेवढा ठिपका पडायला चाळीस ते बेचाळीस सेकंद लागत होते.

म्हणजे हरकत लिहिताना यंत्राचा हात कागदावर निब टेकवून चाळीस सेकंद नुसता थांबला होता. यंत्राला विचार करायला इतका वेळ लागत नाही. हे थांबणं त्याने कुठल्या तरी पानावरून शिकलेलं होतं, आणि नेमकं पृष्ठ १७ बद्दल विचारल्यावर ते त्याला आठवलं होतं.

तिने दुसरं अपील केलं. त्याची सुनावणी आता महिन्याभरात लागते, एवढी एक सुधारणा खरी. माहिती आयुक्त सुलभा कारखानीस या कोरड्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी प्रत डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"पटवेगार, चर्चा झाली का?"

"मॅडम, ती म्हणजे एक पद्धत असते लिहायची..."

"झाली का?"

"नाही."

"मग त्रयस्थ पक्षाचं मत अजून आलेलंच नाही. ते न घेता तुम्ही नकार कसा दिलात?" त्यांनी आदेश लिहिला आणि वाचून दाखवला. "सात दिवसांत अपीलकर्तीसमक्ष चर्चा करावी. चर्चेत त्रयस्थ पक्षाने स्पष्ट नकार न दिल्यास पृष्ठ १७ द्यावे." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आणि मला कळवा. बत्तीस वर्षांत मी हे दोन शब्द हजारदा लिहिले असतील. पुढे काय होतं, ते मलाही बघायचंय."

*

चर्चा टिपणीवरच करावी लागणार होती. प्रतिरूपाला दुसरं काही समजत नसे. संज्योतने समास सोडून, हाताखालच्या माणसाने लिहावं तसं, आपल्या बाबांना लिहिलं: 'आपण आदेश दिल्याप्रमाणे चर्चेसाठी उपस्थित आहे. सादर.'

पटवेगारांनी कागद टेबलावर ठेवला. कॅमेरा खाली आला. हात हलला नाही. मग कागदावर एक शब्द उमटला.

'कोण?'

"असं यानं कधी विचारलेलं नाही," पटवेगार हलक्या आवाजात म्हणाले.

संज्योतने लिहिलं: 'अर्जदार, संज्योत विश्वनाथ चिकोडे.'

खरखर सुरू झाली. 'संदर्भ: रजा अर्ज, जानेवारी २०२२. कारण: मुलीच्या कानाची शस्त्रक्रिया. सद्यःस्थिती कळवावी.'

तिचा हात आपोआप उजव्या कानामागच्या वणाकडे गेला. नस्त्यांच्या त्या सगळ्या जगात ती एकाच कागदावर होती, सात वर्षांची, कानाला बँडेज बांधलेली. एकोणीस वर्षांनी कुणीतरी त्या कागदाचा पाठपुरावा करत होतं.

'कान बरा आहे,' तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

'पाहिले.'

पटवेगार खिडकीबाहेर बघत राहिले. संज्योतने नवा कागद घेतला. 'सातकुई धरण, पृष्ठ १७. त्या पृष्ठावर आपण काय आदेश दिला होता? सादर.'

निब कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. संज्योत मनात मोजू लागली. दहा. वीस. ठिपका मुगाएवढा झाला, मग मसुराएवढा.

"अडकलं," पटवेगार म्हणाले. "बंद करून चालू करू का?"

"हात लावू नका."

एकेचाळिसाव्या सेकंदाला हात हलला. 'चर्चा करावी.'

"बघा. पुन्हा तेच. मी म्हटलं होतं..."

"साहेब," संज्योत म्हणाली. "हे उत्तर आहे. काय आदेश दिला, असं मी विचारलं आणि त्याने तो सांगितला. जूनमध्येही त्याने हरकत घेतली नव्हती. पृष्ठ १७ बद्दल विचारलं म्हणून पृष्ठ १७ वर जे आहे ते लिहून दिलं. तुम्ही त्याचं 'नाही' केलंत."

स्पष्ट नकार आलेला नव्हता. पटवेगारांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि नस्ती तिच्यापुढे ठेवली.

पृष्ठ १७ वर धरणावरच्या कर्मचाऱ्याची टिपणी होती, वेळ दुपारी दोन चाळीस. 'पातळी धोक्याच्या खुणेस लागली आहे. भोंगा नादुरुस्त आहे. दरवाजे साडेतीनला आपोआप उघडतील. कातळवाडीस माणूस पाठवून तासभर थांबवावेत काय? तासभर थांबल्यास धरणास धोका नाही. आदेशार्थ सादर.' त्याखाली मसुराएवढा ठिपका, 'चर्चा करावी' आणि सही. चर्चेला कुणी वर गेल्याची नोंद नव्हती. पुढचं पान साडेतीननंतरचं होतं.

"मान्य म्हणाले नव्हते," संज्योत म्हणाली.

"थांबवा असंही म्हणाले नाहीत," पटवेगार हळूच म्हणाले. "चौकशीवाल्यांनी त्याला मान्यता धरलं. आपोआप होणारं थांबवलं नाही, की आमच्याकडे ते मान्य धरतात."

तिच्या मनात तेव्हा एक प्रश्न आला आणि तो विचारायची तिला भीती वाटली. "साहेब, दरवाज्यांची यंदाची नस्ती कुणाकडे जाते?"

पटवेगारांनी टेबलाकडे पाहिलं. "अनुभव त्यांचाच आहे ना."

"आणि ते काय लिहितात?"

पटवेगारांनी नुसतं चळतीकडे बोट दाखवलं.

"भोंगा दुरुस्त झाला?"

"आता मोबाइलवर संदेश जातो."

"कातळवाडीत मोबाइल लागतो?"

पटवेगारांनी रुमालाने मान पुसली. "परवापर्यंत पातळी खुणेला लागेल," ते म्हणाले.

*

आईने पृष्ठ १७ ची प्रत मांडीवर ठेवून वाचली. ती रडली नाही.

"घरीसुद्धा असंच करायचे," ती म्हणाली. "तुला बाहेरगावी शिकायला पाठवायचं का, बघू. यशवंतला शेतात विहीर पाडायला मदत करायची का, बघू. मला वाटायचं, शांत स्वभाव आहे." तिने कागदाची घडी घातली. "चल. कातळवाडीला जाऊ."

मामी दारातच उभी होती. या म्हणाली नाही. आईनेही उंबरा ओलांडला नाही. संज्योतने अंगणात उभं राहून सगळं वाचून दाखवलं, ठिपक्याचं सांगितलं, एकेचाळीस सेकंदांचं सांगितलं.

"म्हंजी हुईल त्ये हू दे, असंच की," मामी म्हणाली. "बरं. एकेचाळीस मोज बघू. मोठ्यानं मोज."

संज्योत मोजू लागली. मामी नदीकडे बघत होती. पात्रापासून घरापर्यंत चढाची एक पायवाट होती; तिची नजर त्या वाटेने सावकाश वर येत होती, कुणाच्या तरी पावलांबरोबर यावी तशी. एकेचाळीस झाले तेव्हा ती नजर अंगणात पोचली होती.

"एवढ्यात आला असता वर," मामी म्हणाली.

आई ओट्याच्या कडेवर बसली. मग संज्योतने उरलेलं सांगितलं: यंदाची नस्ती, तो हात, परवाची पातळी.

"मेलेला माणूस अजून दरवाजं बघतोय?"

"त्याचं लिहिणं बघतंय, मामी."

"आणि चर्चेला कोण जात न्हाई म्हणतीस." मामीने दोरीवरचं लुगडं ओढून खांद्यावर घेतलं आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ए बायजा! टेम्पो हाय का दारात?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अभिलेख कक्षात कातळवाडीची अकरा माणसं उभी होती. पटवेगारांनी अडवलं नाही. दरवाज्यांची नस्ती त्यांनी स्वतः आणून टेबलावर ठेवली.

तो हात पाहून मामी क्षणभर मागे सरली. मग पदर खोचून पुढे झाली. "लिव," ती संज्योतला म्हणाली.

संज्योतने लिहिलं: 'कातळवाडीचे अकरा जण चर्चेसाठी उपस्थित आहेत. उद्या दरवाजे उघडण्याआधी वाडीत माणूस पाठवणार का? सादर.' खाली अकरा नावं, सह्या, दोन अंगठे. कॅमेऱ्याने एकेक नाव वाचलं. मामीच्या नावावर तो जास्त वेळ राहिला. जुन्या नस्तीत ते नाव होतं, मयत यशवंत यांच्या वारस म्हणून.

हात हलला. या वेळी निब कुठे टेकून राहिली नाही.

'वाडीत माणूस पोचून तेथील सह्या आल्याशिवाय दरवाजे उघडू नयेत. माणूस आजच पाठवावा.' आणि सही.

पटवेगारांनी कागद उचलला, वाचला, मग पडद्यावर काहीतरी शोधलं, पुन्हा शोधलं. "सव्वीस वर्षांत," ते म्हणाले, "'उघडू नयेत' असं त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही. एकाही नस्तीत नाही. हे आलं कुठून?"

संज्योतने विचार करून पाहिला. सव्वीस वर्षं 'चर्चा करावी' लिहिलं गेलं आणि चर्चेला कुणी आलं नाही. चर्चेनंतर बाबा काय लिहितात, याचा एकही नमुना यंत्राकडे नव्हता. नमुना नसेल तर यंत्र जवळचं काहीतरी जुळवतं. पण उघडू नयेत याच्या जवळचं, त्या सगळ्या कागदांत, काय होतं? तिला तसं काही सापडेना.

"हे कोण म्हणालं गं?" आईने विचारलं.

"माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही."

पटवेगार धरणावर फोन लावत होते. "हो, लेखी आहे," ते दोन-दोनदा सांगत होते. "सहीनिशी आहे. माणूस आत्ता काढा. हो, आत्ता."

वाडीची माणसं एकेक करून बाहेर पडली. मामी दाराशी थांबली. ती आईकडे न बघता, टेम्पोकडे बघत म्हणाली, "वन्सं, गाडी वाडीलाच चाललीया. येताय न्हवं?"

चौदा वर्षांत 'वन्सं' म्हणून आईला कुणी हाक मारली नव्हती. आई उठली. दोन पावलं गेली आणि परत वळली. यंत्राच्या हाताने पुढची नस्ती उघडली होती, तो पान उलटत होता. आई टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि रोज कचेरीला निघालेल्या माणसाला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"मी माहेरी चाललेय. दोन दिवस राहीन म्हणते."